अंगावरचं, डब्यातलं आणि गंगावेशीतलं

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू सकाळी सकाळी दारात उभ्या. हातात स्टीलची किटली. "सिस्टर, सुनेला दूध पुरंना झालंय. गंगावेशीतनं धारोष्ण आणते, थोडं पाणी घालून बाळाला देऊ काय?" बाळ २० दिवसांचं.

कोल्हापुरात हे ऐकून कुणी दचकणार नाही. गंगावेशीत कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळतात, फेसाळ ग्लास हातात येतो, आणि तो एका दमात रिकामा केला की माणूस पैलवान झाल्यासारखा मिशीवरनं हात फिरवतो. आपल्या गावाचा दुधावर भारी विश्वास. फक्त तो म्हशीच्या दुधावर जरा जास्त आणि बाईच्या दुधावर जरा कमी, हे मी बाळंतिणींच्या वॉर्डात ३१ वर्षं काढून सांगते.

काकूंना आत बसवलं, चहा टाकला आणि विचारलं, बाळ दिवसातनं शू किती वेळा करतं? आठ-नऊ वेळा. शी कशी? पिवळी, पातळसर, मोहरीसारखे दाणे असलेली. जन्माचं वजन २ किलो ८००, परवा केलेलं २ किलो ९५०.

"मग दूध पुरत नाही हे ठरवलं कुणी?"

"सारखं रडतंय की!"

सगळं इथंच अडतं. बाळ भुकेनं रडतं तसं ओलं झालं म्हणून रडतं, उकडलं म्हणून रडतं, नुसतं कुशीत घ्या म्हणूनही रडतं. संध्याकाळी सहा ते दहा बऱ्याच बाळांचा रडायचा टाइमच असतो. त्या वेळी घरात चार माणसं जमलेली असतात आणि चौघांचं एकच मत असतं, दूध पुरत नाही. छाती मऊ लागली, पंप लावून थोडंच आलं, शेजारणीचं बाळ तीन तास झोपतं आणि आपलं दीड तासानं उठतं, यातलं काहीही दूध कमी असल्याची खूण नाही. खूण दोनच ठिकाणी बघायची, लंगोटात आणि वजनकाट्यावर. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू हवी. जन्मानंतरची काळी शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, सात ते दहा टक्क्यांपर्यंत, तेव्हा घाबरू नका. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यावं आणि पुढं पहिले तीन महिने रोज २० ते ३० ग्रॅम चढावं. काट्याला सासूबाईंचं मत कळत नाही, हे त्याचं बरं असतं.

पण शू कमी झालीय, बाळ पाजायलासुद्धा जागं होत नाही, अंगाचा पिवळेपणा पायापर्यंत उतरलाय किंवा ताप आहे, तर हे वाचत बसू नका. त्याच तासाला डॉक्टर गाठा.

दूध येतं कुठनं

छाती म्हणजे रांजण नव्हे, की भरून ठेवला आणि ओतला. ती विहिरीसारखी आहे, उपसाल तसा झरा चालतो. बाळानं ओढलं की मेंदूला निरोप जातो आणि दूध बनवणारा हार्मोन वाढतो. दुसरा हार्मोन पान्हा फोडतो. दूध आत तुंबून राहिलं तर उलटा निरोप जातो, पुरे झालं, कमी कर. आता यात डबा, म्हणजे पावडरचं दूध, आला की काय होतं बघा. संध्याकाळी बाळ रडलं, कुणीतरी ६० मिलीची बाटली दिली, बाळ चार तास गाढ झोपलं. त्या चार तासांत छाती उपसली गेली नाही. दुसऱ्या दिवशी खरंच थोडं कमी आलं. मग दोन बाटल्या. आठ-दहा दिवसांत ज्या बाईला पुरेसं दूध होतं, तिचं दूध खरोखर आटतं आणि सगळे म्हणतात, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?"

मला हे पुस्तकातनं कळलेलं नाही. माझा थोरला १९८९ चा. मी स्वतः नर्स, तरी बाळंतपणानंतर माझ्या उशाशी पहिल्याच दिवशी डबा आणून ठेवला होता. कुठल्या दवाखान्यात ते सोडा. त्या काळात डब्याच्या कंपन्यांची गुटगुटीत बाळांची कॅलेंडरं वॉर्डाच्या भिंतीवर असायची, आम्हीच टांगायचो. महिन्याभरात माझं दूध गेलं. आषाढात पोराला जुलाब लागले, सलाईन लावावं लागलं, आणि मी बाटलीच्या बुचाच्या खाचेतला दुधाचा आंबूस थर नखानं खरवडत रडत होते. पुढं १९९२ साली कायदा आला. डब्याच्या दुधाची जाहिरात बंद, फुकट सँपल बंद, डब्यावर बाळाचं चित्र बंद, आणि आईचं दूध सर्वांत उत्तम हे डब्यावर छापणं सक्तीचं. आजही कुणी डिस्चार्जच्या पिशवीत फुकट डबा घातला तर तो परत करा.

तिन्ही दुधांत फरक काय

म्हशीच्या दुधापासनं सुरू करते, कारण आपलं भांडण तिथंच आहे. आईच्या १०० मिली दुधात प्रथिनं साधारण १ ग्रॅम. गाईच्या दुधात ३ च्या वर, म्हशीच्या दुधात ४ च्या आसपास. क्षारही तसेच जास्त. रेडकू जन्मल्यावर थोड्याच वेळात पायावर उभं राहतं, त्याला हाडामांसाची घाई असते. आपलं पोर वर्षभर रांगणार. त्याच्या कोवळ्या मूत्रपिंडाला एवढा भार झेपत नाही. पाणी घातलं की प्रथिनं कमी होतात, पण ताकदही पातळ होते आणि पाण्यातनं जे यायचं ते येतंच. म्हणून वर्षाच्या आत वाटीभर पिण्याचं दूध म्हणून म्हशीचं नको. पैलवानाला द्या, पोराला नको.

डबा त्यापेक्षा कितीतरी बरा. तो बहुतेक गाईच्या दुधापासनंच करतात, पण प्रथिनं कमी करून, लॅक्टोज, वनस्पती तेलं, लोह, जीवनसत्त्वं घालून आईच्या दुधाच्या जवळ आणतात. त्यावर पोरं वाढतात, चांगली वाढतात. डबा म्हणजे विष, असं मी वॉर्डात कधी कुणाला म्हटलं नाही आणि म्हणू दिलं नाही.

त्यात घालता येत नाही ते जिवंत काहीतरी. घरात सर्दी-खोकला शिरला की आईचं शरीर त्याच्याशी लढणारी प्रतिद्रव्यं तयार करतं आणि ती दुधातनं बाळाला पोचतात. म्हणजे आपल्याच पेठेतल्या, आपल्याच घरातल्या जंतूंवरचं औषध, रोज ताजं. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळांना जुलाब, न्यूमोनिया, कान फुटणं कमी होतं. झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही कमी असतो. शिवाय आईचं दूध बदलत राहतं. पहिल्या दिवसाचं वेगळं, महिन्याचं वेगळं, पाजायला घेतल्या घेतल्या पातळ आणि शेवटी शेवटी दाट. डबा पहिल्या चमच्यापासनं शेवटच्यापर्यंत एकसारखा.

आईचाही फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. पाजताना गर्भाशय आवळतं, रक्तस्राव कमी होतो. पहिले दिवस पाजताना पोटात कळ येते ती त्याचीच. जितके महिने पाजाल तितका पुढं स्तनाच्या कॅन्सरचा धोका उतरतो, एकूण १२ महिन्यांमागं साधारण ४ टक्के. अंडाशयाच्या कॅन्सरचंही तसंच.

अंगावरचं पिऊन पोरं हुशार होतात, एवढं मात्र बोलून कुणा बाईला लाजवू नका. माझा डब्यावरचा थोरला इंजिनियर झाला, आणि दोन वर्षं अंगावर प्यालेला धाकटा दहावीला दोनदा बसला.

खर्चाचं गणित तुम्हीच करा. तीन महिन्यांचं बाळ डब्यावर असेल तर दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास पावडर लागते. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवस, महिन्याला सात-आठ डबे. मेडिकलमध्ये भाव विचारा आणि गुणा. गॅस, बाटल्या, बुचं वेगळी.

पण सगळ्यांत मोठा फरक मी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाहिला. पंचगंगेनं गावाला वेढा घातलेला, शिरोलीजवळ हायवे बंद, पाणी उपसणारी केंद्रं बुडालेली, नळाला थेंब नाही. एका शाळेतल्या निवाऱ्यात मी मदतीला होते. अंगावर पिणारी बाळं आयांच्या पदराखाली निवांत. डब्यावरच्या आयांची तारांबळ. डबा होता, पण पाणी कुठलं? उकळायचं कशावर? बाटली धुवायची कशात? एका पोरीनं तर महिन्यापूर्वी पाजणं सोडलं होतं. तिला मी दिवसातनं दहा-बारा वेळा बाळ छातीला लावायला बसवलं, शेजारी वाटी-चमच्यानं तेवढ्यापुरतं डब्याचं दूध चालू ठेवलं. आठवड्यानं थोडं दूध परत आलं. पूर्ण नाही आलं. पण आलं.

पहिला तास आणि तोंड लावणं

बाळ जन्मलं की पुसून, उघडंच आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि वरनं दुपटं. पहिल्या तासात छातीला लावायचं. सिझर झालं असलं तरी, आई शुद्धीत असेल तर कुणीतरी बाळ धरून लावायचं. पहिले दोन-तीन दिवस जो दाट पिवळसर चीक येतो तो चमचाभरच असतो आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं, एका वेळेला पाच-सात मिलीचं. गाय व्याली की खरवसासाठी चार घरं चिकाची वाट बघतात, आणि बाईचा चीक मात्र "खराब दूध" म्हणून पिळून टाकायला सांगतात. हे कोडं मला ३१ वर्षांत सुटलं नाही.

आणि गुळाचं पाणी. कोल्हापूरचा गूळ जगात भारी असेल, नवजात बाळाच्या तोंडात तो नको. मधाचं बोटही नको. मधातनं एक जंतू जातो, त्यानं बाळ लुळं पडू शकतं, म्हणून वर्षाच्या आत मध अजिबात नाही. सहाणेवरची गुटी, ग्राइप वॉटर, वरचं पाणी, काही नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, चैत्रातल्या उन्हातसुद्धा बाळाला वेगळं पाणी लागत नाही. सहा महिने फक्त अंगावरचं. एक अपवाद, ड जीवनसत्त्वाचे थेंब. ते आईच्या दुधात पुरेसं नसतं, म्हणून डॉक्टर रोज ४०० युनिट लिहून देतात. ते चुकवू नका.

आता बसा. पाठीला उशी, पाय जमिनीला टेकलेले. बाळाकडं वाकू नका, बाळाला आपल्याकडं आणा. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. मान वळवून आपणही पाणी पिऊन बघा, घोट उतरत नाही. बोंड बाळाच्या वरच्या ओठाला हलकेच घासा आणि थांबा. घाई करू नका. जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की पटकन जवळ घ्या, हनुवटी आधी टेकली पाहिजे. बरोबर लागलं की चार गोष्टी दिसतात: तोंड मोठं उघडं, हनुवटी छातीला चिकटलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग वरनं जास्त, खालनं कमी दिसतोय. नुसतं बोंड तोंडात असेल तर चुकचुक आवाज येतो, गालाला खळ्या पडतात, आणि आईच्या डोळ्यांत पाणी येतं. दुखलं तर सहन करत बसायचं नाही. करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातनं आत घालून पकड सोडवा आणि परत लावा. दहा वेळा लावावं लागलं तरी चालेल. वॉर्डात निम्म्या "दूध नाही"वाल्या आयांचं काम मी एवढ्यावर केलंय.

घड्याळ बघून पाजू नका. २४ तासांत आठ ते बारा वेळा, बाळ मागेल तेव्हा. हात चोखायला लागलं, तोंड इकडंतिकडं फिरवायला लागलं म्हणजे भूक, रडणं ही शेवटची पायरी. एक बाजू पूर्ण होऊ द्या, म्हणजे शेवटचं दाट दूध मिळतं, मग दुसरी बाजू द्या. रात्रीचं पाजणं सोडू नका, रात्री दूध बनवणारा हार्मोन जास्त असतो.

बोंडाला चिरा पडल्या तर पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब तिथंच लावून वाळू द्या आणि पकड सुधारा. छाती दाटून दगड झाली तर आधी ओला गरम कपडा, हातानं थोडं पिळून काळा भाग मऊ करा, मग बाळ लावा, नंतर गार पट्टी. एखादा भाग लाल, तापलेला आणि अंगात ताप असेल तर डॉक्टरकडं जा, पण पाजणं थांबवू नका. थांबवलं की पू धरतो.

खाण्याबद्दल थोडंच बोलते, कारण ते प्रत्येक घरात आधीच ठरलेलं असतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी, सगळं चांगलं. पहिले सहा महिने रोजच्यापेक्षा ५००-६०० कॅलरी जास्त लागतात, त्या यातनं मिळतात. पण अळीव खाऊन आणि बाळ छातीला न लावता दूध वाढत नाही. तांबडा रस्सा चालतो का, हे प्रत्येक जण विचारतं. सोसत असेल तर चालतो. माझ्या धाकट्यानं तिसऱ्या आठवड्यापासनं दुधातनं रस्साच प्यायलाय.

डबा लागलाच तर

कधी कधी लागतो. आईचं केमोचं औषध चालू आहे, आई नाही, जुळ्यांना पुरत नाही, वजन खरंच चढत नाही, किंवा त्या बाईनं विचार करून ठरवलंय. अशा वेळी टोमणे नकोत, नीट करून द्या.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आजीचं बोंडलं, म्हणजे चोच असलेली छोटी वाटी, बरं, धुवायला सोपं. भांडी साबणानं धुऊन दहा मिनिटं उकळा. पावडर निर्जंतुक नसते, हे बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून पाणी खळखळ उकळून अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच, म्हणजे ७० अंशांच्या खाली जायच्या आत, पावडर घालायची. आधी पाणी मोजा, मग डब्यातल्याच चमच्यानं, सुरीनं सपाट करून पावडर. बहुतेक डब्यांना ३० मिलीला एक चमचा असतो, तरी आपल्या डब्यावरचं वाचा. डबा पुरवायचा म्हणून पातळ करू नका. पातळ केल्यानं पोर सुकतं, दाट केल्यानं पोट बिघडतं. नळाखाली धरून गार करा, मनगटावर थेंब टाकून बघा. केल्यापासनं दोन तासांत न संपलेलं ओतून द्या, उष्टं तर लगेच. जीव हळहळतो, तरी ओता.

आणि जेवढं अंगावर पाजता येईल तेवढं सोडू नका. आधी अंगावर, मग वरचं.

कामावर जाणाऱ्या पोरींसाठी

गोकुळ शिरगावच्या नाहीतर कागलच्या एमआयडीसीत नोकरी असेल तर २०१७ पासनं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा आहे. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं, आणि मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजायला दोन सुट्ट्या. साहेबाला माहीत नसेल तर सांगा. उसाच्या फडातल्या बाईला यातलं काहीच मिळत नाही, ती पाचटावर दुपटं टाकून पाजते.

रुजू व्हायच्या दोन आठवडे आधी हातानं दूध काढायची सवय करा. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या मागं. आधी छातीकडं दाबा, मग एकमेकांकडं, बोंड ओढायचं नाही. स्वच्छ स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. बाहेर चार तास, उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नको, मी २४ तासांच्या पुढं सांगत नाही. गरम करायला डबा कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. प्रवासात असाल तर एसटीच्या मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. कडी लावलेली असली तर कंट्रोलरला उघडायला सांगा, लाजू नका.

सहा महिने झाले की उष्टावण. मऊ भात, वरण, तूप, नाचणीची खीर, आणि सोबत अंगावरचं दोन वर्षं किंवा पुढंही.

काकूंच्या सुनेला मी त्याच दिवशी जाऊन बसवलं. बाळ नुसतं बोंड चोखत होतं, म्हणून पोट भरायला वेळ लागत होता आणि रडत होतं. चार-पाच वेळा सोडवून लावलं, मग गट्-गट् आवाज आला. आठवड्यानं वजन ३ किलो १४०. काकूंनी किटली तरीही थांबवली नाही. आता रोज संध्याकाळी गंगावेशीतनं सुनेसाठी ग्लासभर आणतात. उकळून द्या म्हटलं, तर म्हणतात, "मग ते धारोष्ण कसलं, सिस्टर?"